शिंदळ माकुडी : कड्यावरची नोंद

शिवनेरी म्हटलं की १६३० साल आपल्याला पाठ असतं. आज आपण त्याच जुन्नरच्या मुलखातली दुसरी एक नोंद बघू.

निकोल डॅल्झेल हा स्कॉटिश वनस्पतीतज्ज्ञ मुंबई इलाख्याच्या जंगलखात्यात होता. अलेक्झांडर गिब्सनबरोबर त्याने १८६१ साली ‘बॉम्बे फ्लोरा’ काढला. त्यानंतर काही वर्षांतच त्याने जुन्नरकडच्या एका मांसल वनस्पतीचं वर्णन प्रसिद्ध केलं. नाव दिलं फ्रेरिया इंडिका, तेव्हाचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्यावरून. शिंदळ माकुडी हे आपलं नाव. चारचौघांत उच्चारताना जरा अडखळायला होतं खरं, पण ते ठेवणाऱ्यांनी झाड नीट पाहिलं होतं, आणि त्यांच्या नावाने कुणी वनस्पती ओळखत नाही.

पुढे पुरंदर, वज्रगड, सज्जनगड, रंधा धबधबा अशी ठिकाणं यादीत आली. बहुतेक गडकोटच. कारण साधं आहे : जिथे शत्रू चढू शकत नाही तिथे शेळीही सहसा पोचत नाही.

आता पाहणी कशी करतात बघा. उन्हाळ्यात गेलात तर पानं गळून नुसत्या काड्या कड्याला चिकटलेल्या दिसतात. समोर असून ओळखू येत नाही. आम्ही पहिल्यांदा वैशाखात गेलो आणि ‘आढळली नाही’ असं वहीत लिहून आलो. भाद्रपदात त्याच कड्यावर दुर्बिणीतून पाहिलं तर हिरवी पानं, तांबडी-किरमिजी फुलं आणि त्यांच्यावर माश्या! तेव्हापासून ‘आढळली नाही’ असं कुठे वाचलं की आम्ही आधी महिना विचारतो.

दुसरी अडचण मोठी आहे. ही वनस्पती खोडाच्या तुकड्यावरून सहज वाढते. परदेशी शौकिनांच्या कुंड्यांतही ती आहे. आपल्याकडे वाढवलेली रोपं परत कड्यांवर लावण्याचे प्रयत्न झाले. चांगलंच झालं. पण कुठे, कधी, किती लावली आणि मूळ रोप कुठलं, हे लिहून ठेवलं नाही, तर पन्नास वर्षांनी येणारा माणूस लावलेल्या रोपाला मूळचं समजेल. बनावट सनद अस्सल म्हणून दप्तरात शिरावी, तसंच हे.

मग सगळं छापायचं का? नेमका कडा छापला तर उपटून नेणारे पोचतात. आम्ही गडाचं नाव छापतो. कड्याची खूण, तारीख आणि मोजणी वेगळ्या वहीत ठेवतो. त्या वहीची एक प्रत आता दुसऱ्या हाती सोपवायची आहे.