स्वयंपाकघरातला पुरावा

सुसान ग्लास्पेल या अमेरिकन लेखिकेची ‘अ ज्यूरी ऑफ हर पीअर्स’ ही कथा १९१७ साली प्रसिद्ध झाली. तिच्या शीर्षकाचे मराठी करायला बसले की पहिल्याच पायरीवर ठेच लागते. आरोपीचा न्याय त्याच्या बरोबरीच्या माणसांनी करावा, हे इंग्रजी कायद्याचे फार जुने तत्त्व. लेखिकेने ‘त्याच्या’ काढून ‘तिच्या’ घातले, एवढेच. पण कथा जिथे घडते त्या भागात तेव्हा स्त्रीला ज्यूरीत बसता येत नव्हते. म्हणजे शीर्षकात जी ज्यूरी आहे ती कायद्याच्या लेखी अस्तित्वातच नव्हती. ती भरते एका थंडगार स्वयंपाकघरात.

कथानक थोडक्यात असे. जॉन राइट नावाचा शेतकरी झोपेत गळ्याला दोर आवळून मारला गेला आहे. त्याची बायको मिनी कोठडीत आहे. शेजारी झोपले असूनही आपल्याला काही कळले नाही, एवढेच ती सांगते. दुसऱ्या दिवशी सरकारी वकील, शेरीफ आणि शेजारचा शेतकरी हेल पुरावा शोधायला त्या घरी येतात. (शेरीफ म्हणजे तिकडचा जिल्ह्याचा पोलीसप्रमुख, आपल्या मुंबईच्या शेरीफसारखे नुसते मानाचे पद नव्हे.) शेरीफची आणि हेलची बायकोही बरोबर आहेत, मिनीला कोठडीत लागणारे कपडे न्यायला. पुरुष स्वयंपाकघरावर नजर टाकतात, इथे भांड्याकुंड्यांखेरीज काही नाही म्हणतात आणि माडीवर जातात.

खून वर झाला, पण त्याचे कारण खाली पडलेले आहे. अर्धेच पुसून सोडलेले टेबल, थंडीने फुटलेल्या मुरंब्याच्या बरण्या, आणि शिवायला घेतलेली एक गोधडी. तिचे टाके एका रेषेत नीट आले आहेत आणि एका तुकड्यावर अचानक वेडेवाकडे झाले आहेत. ज्याने हातात कधी सुई धरली नाही त्याला हे दिसणार नाही. पुढे दार मोडलेला पिंजरा सापडतो आणि शिवणाच्या टोपलीत, एका सुबक डबीत, रेशमी कापडात गुंडाळलेला मेलेला कॅनरी पक्षी. त्याची मान पिरगळलेली आहे. दोघी एकमेकींकडे पाहतात. सरकारी वकिलाला जे हवे आहे, खुनाचा हेतू, तो त्यांच्या हातात असतो. हेलबाई ते वाकडे टाके त्याआधीच उसवून नीट घालू लागलेल्या असतात. शेवटी डबीही त्यांच्या खिशात जाते.

या विषयावर बोलताना रोआल्ड डाल यांची १९५३ ची ‘लँब टू द स्लॉटर’ हटकून निघते. गोठलेल्या मांडीच्या मांसाने पोलीस नवऱ्याला मारणारी बायको, आणि तेच भाजलेले मांस खात हत्यार कुठे असेल याची चर्चा करणारे त्याचे सहकारी. आल्फ्रेड हिचकॉक यांनी १९५८ मध्ये ती दूरचित्रवाणीवर आणली. तिथला उपरोध बंदोबस्तात रचलेला आहे आणि वाचक हसतो. ग्लास्पेल यांच्या कथेत हसावे असे काही नाही, कारण तिच्यामागे एक खरा खटला आहे. आणि त्या खटल्यात लेखिका स्वतः होती.

डिसेंबर १९०० च्या सुरुवातीला आयोवा राज्यातल्या इंडियानोला गावाजवळ जॉन हॉसॅक या शेतकऱ्यावर रात्री अंथरुणातच कुऱ्हाडीचे घाव पडले आणि तो दगावला. त्याची पत्नी मार्गारेट म्हणाली, आपण शेजारीच होतो. कसल्याशा आवाजाने जाग आली. नवऱ्याच्या दफनविधीच्या सुमारास तिला अटक झाली. ‘द मॉइन डेली न्यूज’ची वार्ताहर म्हणून हा खटला चोवीस वर्षांच्या सुसान ग्लास्पेलकडे आला. तिने त्यावर दोन डझनांहून अधिक बातम्या लिहिल्या. लिंडा बेन-झ्वी यांनी नव्वदच्या दशकाच्या आरंभी हा धागा उजेडात आणला. पुढे पॅट्रिशिया ब्रायन आणि थॉमस वुल्फ यांनी संपूर्ण खटल्यावर पुस्तक लिहिले. त्यांच्यामुळेच आपण आज कथेशेजारी ती वार्ताहर ठेवून पाहू शकतो.

ती वार्ताहर आपल्याला आवडेल अशी नाही. सुरुवातीच्या बातम्यांतली मार्गारेट थंड, निर्विकार, धिप्पाड बाई आहे, आणि डोळ्यांत पाणी नसणे हाच जणू तिच्याविरुद्धचा पुरावा. कुजबुज बातमी होऊन छापली जाते. मग ग्लास्पेल त्या शेतावरच्या घरी जाऊन येते आणि सूर बदलतो. आता मार्गारेट थकलेली, खंगलेली दिसू लागते. चेहरा तोच होता, पाहणारीची नजर बदलली. सुनावणीत शेरीफची पत्नी आरोपीजवळ बसून डोळे पुसत होती, हेही तिने टिपले. ते रुमालाचे टोक सोळा वर्षांनी कथेत पोचले असावे, असे मला वाटते.

बारा पुरुषांच्या ज्यूरीने एप्रिल १९०१ मध्ये मार्गारेटला दोषी ठरवले; जन्मठेप झाली. ग्लास्पेल यांनी त्यानंतर लवकरच वार्ताहरकी सोडली आणि त्या कथालेखनाकडे वळल्या. पण खटला तिथे संपला नव्हता. १९०२ मध्ये आयोवाच्या सर्वोच्च न्यायालयाने ही शिक्षा रद्द केली. कुऱ्हाडीशी जोडलेल्या केसांच्या पुराव्यावर आक्षेप होता. कुऱ्हाडीवरचे रक्त सणासाठी मारलेल्या टर्की पक्ष्याचे आहे, असेही बचाव पक्ष सांगत आला होता. १९०३ च्या दुसऱ्या सुनावणीत ज्यूरीचे एकमत झाले नाही. नऊ जण दोषी म्हणाले, तिघे नाही म्हणाले. मार्गारेट सुटली. तिने गुन्हा कधीच कबूल केला नाही.

या खटल्यातला खरा पेच मला बचावाच्या बाजूने दिसतो. नवरा तापट होता, बायको त्याला घाबरून असे, तिने शेजाऱ्यांकडे मदत मागितली होती, हे सगळे सरकार पक्षानेच न्यायालयात मांडले. का? तर तो हेतू होता. तिच्याबद्दल कणव वाटायला लावणारी प्रत्येक गोष्ट तिला तुरुंगाच्या जवळ नेत होती. त्यामुळे बचाव पक्षाला उलटे बोलावे लागले: भांडणे जुनी होती, वर्षभरापूर्वी समेट झाला होता, घर शांत होते. आईला वाचवायचे तर बाप बरा होता असे मुलांनी सांगायला हवे. कथेतल्या दोघी पक्षी लपवतात तो याच कारणाने. तो सापडला तर मिनीचे दुःख सिद्ध होईल आणि त्याच क्षणी तिचा गुन्हाही.

१९१६ च्या उन्हाळ्यात मॅसॅच्युसेट्समधल्या प्रॉव्हिन्सटाउनच्या धक्क्यावरील छोट्या नाट्यगृहासाठी ग्लास्पेल यांना नाटक हवे होते. रिकाम्या रंगमंचाकडे पाहत बसले असता तिथे स्वयंपाकघर दिसू लागले, असे त्यांनी पुढे सांगितले आहे. ‘ट्रायफल्स’ ही एकांकिका ऑगस्टमध्ये झाली आणि हेलबाईंची भूमिका त्यांनी स्वतः केली. कथा त्याच एकांकिकेची. म्हणजे पूर्वी जिच्याविरुद्ध मजकूर छापला, तिच्या बाजूचा पुरावा लपवणाऱ्या बाईचे काम लेखिका रंगमंचावर करत होती. ही भरपाई होती असे अनेक अभ्यासक मानतात. मीही बरीच वर्षे तसेच समजत होतो.

आता थोडे वेगळे वाटते. कथेत कुऱ्हाडीचा दोर झाला. मार्गारेटला अनेक मुले झाली होती, मिनी निपुत्रिक आहे. एवढी शांतता आणि एवढा एकाकी पक्षी गजबजलेल्या घरात बसला नसता. हे बदल लेखिकेच्या हक्काचे. पण सर्वांत मोठा बदल सहसा कोणी मोजत नाही: मिनीने खून केला आहे. त्याविषयी वाचकाला शंका उरत नाही. पक्ष्याची पिरगळलेली मान आणि नवऱ्याचा आवळलेला गळा यांची सांगड ती शंका पुसून टाकते. दोघी शेजारणी तिला सोडून देतात, कारण त्या आधी तिला दोषी ठरवतात. प्रत्यक्षात तिघा पुरुषांना जे ठामपणे म्हणवले नाही ते कथेतल्या ज्यूरीने अर्ध्या तासात आणि मायेने ठरवून टाकले. टाके वाकडे म्हणून मन थाऱ्यावर नाही, हा तर्क डोळे कोरडे म्हणून मन दगडाचे, या जुन्या बातमीतल्या तर्कापासून किती लांब आहे? दोन्हीकडे दिसण्यावरूनच निकाल दिला आहे.

याने कथा लहान होत नाही. वर्गात शिकवताना मात्र ‘पुरुषांना दिसले नाही, बायकांना दिसले’ एवढ्यावर ती संपवली जाते, ते मला पटत नाही. बायकांना मिनी दिसली. मार्गारेटला कोणी पाहिले, हे त्यात येत नाही. तिच्या दुसऱ्या ज्यूरीतले ते तिघे पुरुष कशावर अडले, ते कोणत्याही कथेत आलेले नाही. त्यानंतर तिसरा खटला झाला नाही.