गोलरक्षकाचा गुरू: श्रेय कुणाचं?

मंडळी, आज आपण बर्फावरच्या हॉकीकडे वळू. फ्रान्स्वा अलेर हा मॉन्ट्रियल कॅनेडियन्सचा गोलरक्षण प्रशिक्षक, आणि पॅट्रिक रॉय त्याचा शिष्य. गुडघे टेकायचे, पाय दोन्ही बाजूंना पसरायचे, खालची जागा बंद करायची: ही 'बटरफ्लाय' शैली दोघांनी घासूनपुसून पक्की केली. 1985-86 मध्ये रॉयनं 87.5 टक्के फटके अडवले होते, 1988-89 मध्ये 90.8. मग श्रेय गुरूचं?

थांबा. डिसेंबर 1995 मध्ये रॉय कोलोरॅडोला गेला आणि 1996 मध्ये अलेरविना स्टॅन्ली कप जिंकला. शिकवण सोबत गेली म्हणा, किंवा पोरगा मुळातच तयार होता म्हणा, दोन्ही बसतं.

अलेर पुढे ॲनाहाइमला गेला. तिथे 2003 मध्ये संघ अंतिम फेरीत हरूनही जिगेर प्लेऑफमधला सर्वोत्तम खेळाडू ठरला. तोच जिगेर 2010 मध्ये टोरंटोत पुन्हा अलेरच्याच हाताखाली आला, पण ती जादू काही परतली नाही. गुरू तोच, शिष्यही तोच! वय आणि पुढचा बचाव मात्र वेगळा.

2013 मध्ये अलेर कोलोरॅडोत आला आणि वार्लामोव्ह 90.3 वरून 92.7 वर गेला. आधीचा हंगाम अवघ्या 48 सामन्यांचा होता, हे लोक विसरतात.

मला खरी अडचण निराळीच वाटते. ही शैली हळूहळू सगळ्यांनीच उचलली. पॅड मोठे झाले, लीगची सरासरीही चढली. प्रतिस्पर्धीही तेच शिकल्यावर अलेरच्या शिष्याची आघाडी आकड्यांत दिसणार कुठून?