चार आण्यांचे सभासदत्व आणि मुळशीचे मावळे

१/ १८७० साली पुण्यात स्थापन झालेल्या सार्वजनिक सभेचे सभासद होणे सोपे नव्हते. किमान ५० प्रौढांच्या सह्यांचा मुखत्यारनामा सादर करावा लागे. सभासद खरोखर लोकांचा प्रतिनिधी आहे, याची खात्री त्यातून होई. मात्र सामान्य माणसाला हे दार अरुंदच राहिले.

२/ डिसेंबर १९२० च्या नागपूर अधिवेशनात काँग्रेसने प्रवेशाच्या अटी सोप्या केल्या : वय २१ वर्षे, ध्येयास लेखी संमती आणि वर्षाला ४ आणे वर्गणी. १९२१ च्या मार्चअखेर बेझवाड्यात १ कोटी सभासद नोंदवण्याचे लक्ष्य ठरले.

३/ त्यानंतर अवघ्या पंधरवड्यात, १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, सुमारे १२०० मावळे मुळशीत टाटांच्या धरणाच्या कामावर जाऊन बसले. काम थांबले. येथे पणाला ४ आणे नव्हते, जमीन होती. अनेक सावकार-जमीनदारांना मोबदला सोयीचा वाटला. जमीन कसणाऱ्यांना तो मान्य नव्हता. सेनापती बापटांनी या लढ्यासाठी तुरुंगवास भोगला. धरण अखेर झालेच.

४/ म्हणून चळवळीचे बळ मोजताना नोंदवहीतील नावांसोबत धरणावर बसलेली माणसेही मोजावी लागतात.