शिरगणती, कोतवाल बुक आणि आपले पूर्वज

आपल्या पणजोबांचे नाव आपणांपैकी पुष्कळांना सांगता येईल. पणजीचे नाव विचारले तर मात्र बहुतेकांना शेजाऱ्याच्या तोंडाकडे पाहावे लागेल.

विलायतेत कुळाचा शोध घेणाऱ्यास शिरगणतीचा मोठा आधार असतो. तेथे 1841 पासूनची घरोघरची पत्रके राखून ठेवली आहेत. ती निर्दोष आहेत असे नव्हे. 1841 साली पंधरा वर्षांवरील माणसाचे वय पाचाच्या पटीत खाली आणून लिहावे अशी सूचना असल्यामुळे 39 वर्षांचा मनुष्य कागदावर 35 वर्षांचा झाला. 1921ची पत्रके शंभर वर्षे बंद राहून जानेवारी 2022 मध्ये संगणकावर पाहावयास मिळू लागली. त्यापुढे मात्र अंधार आहे. 1931ची पत्रके 1942 साली आगीत जळाली आणि 1941 साली युद्धामुळे गणतीच झाली नाही.

आपल्याकडे 17 फेब्रुवारी 1881 रोजी देशभर एकाच वेळी शिरगणती झाली, आणि पुढे ती दर दहा वर्षांनी होत गेली. परंतु सरकारास हवे होते आकडे. ते छापून झाल्यावर नावांची पत्रके जपण्याचे कारण उरले नाही. 1948च्या कायद्याने तर ही पत्रके खासगी माणसास पाहण्याची वाटच बंद केली. अपवाद एक : 1951च्या गणतीवरून नागरिकांचे राष्ट्रीय रजिस्टर तयार झाले. त्यात घरातील माणसे नावानिशी आढळतात.

मग आपण जावे कोठे? कुलवृत्तांत आहेत, त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळ्या आहेत. पण कुलवृत्तांत छापण्यास पैसा लागतो आणि तीर्थयात्रेसही लागतो. गरिबाचे नाव सापडते ते गाव नमुना नंबर 14 मध्ये, म्हणजे लोक ज्यास कोतवाल बुक म्हणतात त्या जन्ममृत्यूच्या वहीत. जुनी पाने बहुधा मोडीत आहेत. वर्दी बारशाच्या आधीच गेलेली असल्यामुळे पुष्कळदा मुलाचे नाव नसते. बापाचे नाव, जात आणि मुलगा की मुलगी एवढेच असते. 2023च्या सप्टेंबरात निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा या वह्यांची किंमत सर्वांस कळली. एका ओळीवर नातवाचा दाखला अवलंबून राहू लागला.

शोधाची रीत साधी आहे. स्वतःपासून मागे जावे, वरून खाली येऊ नये. वडिलांच्या शाळेचे जनरल रजिस्टर, मग जमिनीचे फेरफार, मग कोतवाल बुक. फेरफाराची जुनी पाने आता शासनाच्या संकेतस्थळावर बऱ्याच जिल्ह्यांची पाहता येतात. तालुक्याचा हेलपाटा वाचतो. पण एक खड्डा सांभाळावा. आपल्यात नातवास आजोबांचे नाव ठेवतात. त्यामुळे ‘बाळू बिन गणू’ आणि ‘गणू बिन बाळू’ आलटून पालटून येत राहतात, आडनाव पुष्कळदा लिहिलेलेच नसते, आणि उतावळा माणूस दोन पिढ्या गिळून शंभर वर्षे मागे पोचतो. तेव्हा नाव जुळले म्हणून हर्ष मानू नये. साल, गाव आणि भाऊबंदांची नावे, तिन्ही जुळवावी.

आता त्या पणजीकडे येतो. जुन्या कागदात स्त्री ‘रखमा कोम बाळू’ अशी येते. कोम म्हणजे पत्नी. बाप कोण, माहेर कोणते, याची वाट तेथे खुंटते. तिला शोधावयाचे तर सासरचा कागद मिटून माहेरच्या गावी जावे आणि तिचा बाप वारला त्या सालचा वारसाचा फेरफार काढावा. 1956च्या वारसा कायद्यानंतरच्या अशा नोंदींत मुलींची नावे सासरच्या नावासह येऊ लागली. एका ओळीत दोन्ही घरे! वंशावळ जुळविणाऱ्यास याहून चांगला कागद नाही. मात्र पुढचेच पान उलटले की पुष्कळदा दुसरा फेरफार दिसतो : बहिणींनी भावांच्या लाभात हक्क सोडला, सबब नावे कमी केली. खाली अंगठे असतात.