प्रशांत कोणाला म्हणावे?

भूगोलाच्या तासाला गुरुजी नकाशावरील तो अफाट निळा पसारा छडीने दाखवीत आणि आम्ही पोरे एका सुरात ओरडत असू, "पॅसिफिक, म्हणजे प्रशांत!" समुद्राला हे विशेषण लाभले कसे, हे विचारावे असे कोणाला सुचले नाही.

१५१३ साली पनामाच्या डोंगरावरून बाल्बोआने हे पाणी पाहिले, तेव्हा त्याने त्याला 'दक्षिण समुद्र' म्हटले. नवे नाव दिले मॅगेलनने. सप्टेंबर १५१९ मध्ये तो पाच जहाजे घेऊन स्पेनहून निघाला. दक्षिण अमेरिकेच्या टोकाजवळील सामुद्रधुनीतून २८ नोव्हेंबर १५२० रोजी बाहेर पडला, तेव्हा तीनच उरली होती. एक फुटले होते, एक बंड करून माघारी पळाले होते. पुढचा समुद्र मात्र सौम्य निघाला. तीन महिन्यांवर प्रवास झाला, पण वादळ म्हणून उठले नाही. तो समुद्र 'पॅसिफिको' ठरला.

फराळाचे ताट पुढे असताना सांगू नये, पण त्या शांत पाण्यावर खलाशी काय खात होते, हे सोबतच्या पिगाफेट्टाने लिहून ठेवले आहे. बिस्किटांचा किडका भुगा, लाकडाचा भुसा, समुद्रात भिजवून निखाऱ्यावर भाजलेले चामडे. उंदीर मिळाला तर मेजवानी! हिरड्या सुजून एकोणीस जण दगावले. मार्च १५२१ मध्ये गुआम बेट लागले. तेथे एक होडी चोरीस गेली, म्हणून मॅगेलनने चाळीस-पन्नास घरे जाळली, सात माणसे मारली. २७ एप्रिलला फिलिपाइन्समधील मॅक्टन बेटावर लढता लढता तो स्वतः पडला. समुद्राला शांतीचे नाव देणाऱ्याची ही गत!

आता शब्दच पाहू. लॅटिनमध्ये 'पाक्स' म्हणजे शांती आणि 'फाकेरे' म्हणजे करणे. तेव्हा 'पॅसिफिक' म्हणजे मुळात शांती घडवून आणणारा. आपल्या 'प्रशांत'मध्ये शांती आली, पण ती घडविणारा हात सुटला. निजलेल्या बाळाला किंवा संथ तळ्याला इंग्रज हे विशेषण सहसा लावीत नाही. तेथे त्याच्याजवळ 'प्लॅसिड' आहे. 'पॅसिफिक' शोभते ते स्वभावाला, हेतूला, समेटाला. १८९९ च्या हेग येथील कराराच्या नावात तंट्यांच्या मिटवणुकीला हेच विशेषण आहे. १९४५ च्या संयुक्त राष्ट्रांच्या सनदेत सहाव्या प्रकरणाच्या मथळ्यावरही तेच. आणि दैव असे, की १९४१ ते १९४५ हेच नाव एका महायुद्धाच्या आघाडीला चिकटले, आणि १९४६ साली याच महासागरातील बिकिनी बेटांवर अणुबाँब फुटले.

मग हे विशेषण नीट वापरावे कोठे? वर्षभर अबोला धरलेले दोन भाऊ दिवाळीला एका पंगतीत बसतात, ते आपण होऊन नव्हे. कोणी तरी म्हातारी दोघांनाही फैलावर घेऊन पाट मांडते. ती जिभेने फटकळ असते, प्रशांत तर मुळीच नसते. पण 'पॅसिफिक' म्हणायचे, तर तिलाच!