घरच्या माणसाची साक्ष

‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. आजोबांनी तोच प्रश्न चौथ्यांदा विचारला किंवा आजींनी आमटीत दुसऱ्यांदा मीठ घातले, की ‘वय झालं’ म्हणून आपण विषय संपवतो. परंतु वयामुळे होणारे विसरणे वेगळे आणि मेंदूच्या विकारामुळे होणारे विसरणे वेगळे. या दुसऱ्या प्रकाराला स्मृतिभ्रंश किंवा डिमेन्शिया म्हणतात. त्याची सुरुवात ओळखायची कशी? या प्रश्नाच्या उत्तराचा एक मोठा भाग घरातच होता. पण त्याला शास्त्रात मानाचे स्थान मिळायला बरीच वर्षे लागली. ती हकीकत आपण पाहू.

फ्रँकफुर्टचा रेल्वे कारकून

नोव्हेंबर १९०१ मध्ये जर्मनीतील फ्रँकफुर्टच्या मनोरुग्णालयात आउगुस्ट डेटर ही ५१ वर्षांची बाई दाखल झाली. तिचा पती रेल्वेत कारकून होता. बायको विनाकारण संशय घेऊ लागली, स्वयंपाकात चुकू लागली, वस्तू लपवून ठेवू लागली, हे त्याच्या लक्षात आले होते. डॉ. आलोइस अल्झायमर यांनी तिला आडनाव विचारले, तेव्हाही तिने आपले पहिलेच नाव सांगितले. एप्रिल १९०६ मध्ये ती वारली. तिच्या मेंदूच्या कापांत अल्झायमर यांना पेशींच्या मध्ये साचलेले पुंजके आणि पेशींच्या आत गुंतलेले तंतू दिसले. पुढे १९१० मध्ये क्रेपेलिन यांनी आपल्या पाठ्यपुस्तकात या विकाराला अल्झायमर यांचे नाव दिले.

या कथेत सूक्ष्मदर्शकाचे कौतुक नेहमीच होते. पण डॉक्टरांनी तिला पाहिले, तेव्हा विकार बराच पुढे गेला होता. तो सुरू होताना पाहणारा साक्षीदार होता तिचा नवरा.

साक्ष मोजता येते का?

नातेवाइकाचे म्हणणे म्हणजे ऐकीव माहिती. त्यात माया असते, रागही असतो. मग त्यावर विश्वास किती ठेवायचा? इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे गॅरी ब्लेस्ड, बर्नार्ड टॉमलिन्सन आणि मार्टिन रॉथ यांनी हा प्रश्न प्रयोगाने सोडवायचे ठरवले. वृद्ध रुग्णांच्या नातेवाइकांना किंवा सांभाळ करणाऱ्यांना त्यांनी साधे प्रश्न विचारले. घरकाम जमते का? थोड्या पैशांचा हिशेब राहतो का? ओळखीच्या रस्त्यावर वाट सापडते का? उत्तरांना गुण दिले. रुग्णांची स्मरणशक्तीची चाचणीही वेगळी घेतली. रुग्णांच्या मृत्यूनंतर मेंदूतील पुंजके मोजले.

६० रुग्णांवरील हे काम १९६८ मध्ये प्रसिद्ध झाले. नातेवाइकांच्या माहितीवरून दिलेले गुण आणि पुंजक्यांची संख्या यांचा स्पष्ट संबंध दिसला. एवढेच नव्हे, तर रुग्णाच्या चाचणीतील गुणांपेक्षा हा संबंध अधिक घट्ट होता. घरच्यांनी स्वयंपाकघरात जे पाहिले, त्याचा माग मेंदूत सापडला होता.

शाळेची परीक्षा आणि म्हातारपण

तरीही प्रचार झाला तो रुग्णाची थेट परीक्षा घेण्याचा. १९७५ मध्ये अमेरिकेत फोलस्टीन दांपत्य आणि मॅकह्यू यांनी ३० गुणांची छोटी चाचणी तयार केली. शंभरातून सात-सात वजा करा, एक वाक्य लिहा, आकृती पाहून काढा, असे प्रश्न तीत होते. चाचणी सोपी व झटपट होती. पण ती कधीच शाळेत न गेलेल्या शेतकरी आजीला दिली तर? स्मरणशक्ती तल्लख असूनही त्या नापास होतील. उलट, निवृत्त प्राध्यापकांची बुद्धी बरीच उतरली, तरी ते उत्तीर्ण होतील. म्हणजे चाचणी विकाराबरोबर शाळाही मोजत होती!

यावर ऑस्ट्रेलियातील अँथनी जॉर्म आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळा मार्ग काढला. १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रश्नावलीत २६ प्रश्न होते आणि ते सर्व जवळच्या माणसासाठी होते. दहा वर्षांपूर्वीच्या तुलनेत ही व्यक्ती आज कशी आहे, एवढेच प्रत्येक वेळी सांगायचे. पुष्कळ सुधारणा असेल तर १, फरक नसेल तर ३, खूपच बिघाड असेल तर ५. सरासरी ३ च्या जितकी वर जाईल, तितकी शंका बळावते. येथे माणसाची तुलना इतरांशी होत नाही, त्याच्या स्वतःशीच होते. म्हणून शिक्षणाचा परिणाम फारसा आड येत नाही.

ही गोष्ट आपल्या देशासाठी किती मोलाची आहे, हे हरियाणातील बल्लभगड येथील अभ्यासात दिसले. तेथे तपासलेल्या ५५ वर्षांवरील ५,१२६ ग्रामस्थांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश निरक्षर होते. भारत व अमेरिका येथील संशोधकांनी चाचणी हिंदीत बदलून घेतलीच, शिवाय गावच्या रोजच्या व्यवहारांवर आधारित, घरच्यांना विचारायची प्रश्नावलीही रचली. ती १९९९ मध्ये प्रसिद्ध झाली. पुढे २००५ मध्ये अमेरिकेतील सेंट लुइस येथून अवघ्या आठ प्रश्नांची यादी आली. तीत ‘होय, बदल झाला आहे’ अशी दोन किंवा अधिक उत्तरे आली, तर डॉक्टरांकडे जावे असे सुचवले जाते.

साक्षीदारही माणूसच

अर्थात ही चाळणी आहे, निदान नव्हे. सांभाळ करणारी व्यक्ती स्वतः खचलेली असेल, तर तिला बिघाड अधिक दिसतो. उलट, एकत्र कुटुंबात सूनबाई ताट वाढून देतात, मुलगा बँकेत जातो. आजोबांकडून कोणी कामाची अपेक्षाच ठेवत नाही. मग काम जमत नाही हे कळणार कसे? एकट्या राहणाऱ्याला तर साक्षीदारच नसतो.

तरीही ही साक्ष वेळेवर मिळणे महत्त्वाचे असते. थायरॉइडची कमतरता, ब-१२ जीवनसत्त्वाचा अभाव किंवा नैराश्य यांमुळेही विसरणे वाढते आणि त्यांवर उपचार आहेत. ‘वय झालं’ म्हटले, की हे दार आपणच बंद करतो. आणि विकार खरोखरच स्मृतिभ्रंशाचा निघाला, तरी आजोबांना आपले म्हणणे सांगता येते आहे तोवर त्यांना विचारून पुढची व्यवस्था लावता येते.

आपण शिक्षक मंडळी एक गोष्ट अनुभवाने जाणतो. तीन तासांच्या पेपरात न दिसणारी मुलाची घसरण वर्षभर त्याला पाहणाऱ्या बाईंना आधी दिसते, कारण त्या त्याची तुलना वर्गाशी नव्हे, कालच्या त्याच्याशीच करतात. घरच्या वृद्धांकडेही तसेच पाहावे लागेल. विद्यार्थ्यांना एवढाच प्रश्न देऊन पाहू: तुमचे आजी-आजोबा काही वर्षांपूर्वी सहज करत असलेले असे कोणते काम आज टाळतात? उत्तर शोधताना त्यांना आजी-आजोबांजवळ थोडा वेळ बसावे लागेल, आणि घरात एक साक्षीदार वाढेल.