फरशी पुसणारा हातही जीव वाचवतो

इस्पितळात जीव कोण वाचवतो? उत्तर येते, डॉक्टर. फार तर नर्स. फरशी पुसणाऱ्या मावशींचे नाव कोणी घेत नाही. आतड्याच्या एका जंतूचा इतिहास ते घ्यायला लावतो.

क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल हा जंतू १९३५ साली अमेरिकेत तान्ह्या बाळांच्या विष्ठेत सापडला. बाळे ठणठणीत होती, म्हणून तो दुर्लक्षित राहिला. पुढे प्रतिजैविकांचा जमाना आला. ही औषधे आतड्यातले उपयोगी जंतूही मारतात आणि मोकळ्या जागेत हा माजतो. प्रतिजैविके घेतलेल्या रुग्णांच्या जीवघेण्या जुलाबामागे हाच आहे, हे १९७८ च्या सुमारास सिद्ध झाले.

त्याचे बीजाणू खाट, कमोड, दाराची कडी यांवर महिनोन्‌महिने टिकतात. अल्कोहोलच्या सॅनिटायझरला दाद देत नाहीत. हात साबण-पाण्यानेच धुवावे लागतात, खोली क्लोरीनच्या द्रावणाने पुसावी लागते, रुग्ण वेगळा ठेवावा लागतो, गरज नसलेली प्रतिजैविके थांबवावी लागतात.

ब्रिटनमध्ये १९८३ साली सरकारने इस्पितळांना सफाईच्या कामाच्या निविदा काढायला लावल्या. सफाई म्हणजे कपात करण्याचा खर्च ठरला. २००३ ते २००५ दरम्यान स्टोक मँडेव्हिल इस्पितळात या जंतूच्या दोन साथी आल्या. ३३४ रुग्ण, किमान ३३ मृत्यू. ठेकेदारीनेच साथ आली, असे आम्ही म्हणत नाही. पण २००६ चा चौकशी अहवाल सांगतो की रुग्ण वेगळे ठेवण्याचा तज्ज्ञांचा सल्ला व्यवस्थापनाने वेळीच मानला नाही. सरकारी उद्दिष्टे गाठणे त्याला जास्त महत्त्वाचे वाटले. देशभर ओरड झाली. सफाई, विलगीकरण आणि औषधांवरील नियंत्रण एकत्र राबवले गेले. इंग्लंडमध्ये २००७-०८ साली ५५ हजारांवर असलेले रुग्ण २०१३-१४ पर्यंत १४ हजारांच्या आत आले.

काही जण विचारतील, यात जात कुठे आली? ब्रिटनमध्ये नसेल, पण आपल्याकडे वॉर्डातला मैला कोण उचलतो ते पाहा. जातिव्यवस्था श्रमाची नव्हे, श्रमिकांची विभागणी करते, हे बाबासाहेबांनी १९३६ सालीच दाखवून दिले. त्या विभागणीमुळे संसर्ग रोखणारे कौशल्याचे काम 'हलके' ठरते आणि ते करणाऱ्याला ना प्रशिक्षण मिळते, ना हातमोजे, ना कायम नोकरी.

म्हणून आमची मागणी दयेची नाही. सफाई कामगाराला आरोग्य कर्मचारी म्हणा, तसे प्रशिक्षण द्या, तसा पगार द्या. विटाळ मानणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे: जंतू जात विचारून आतड्यात शिरत नाही.

जयभीम!